बूट डिस्क : संगणकाच्या मूलसंहितेचे निर्धोक नूतनीकरण

साहित्याच्या अभ्यासकाला साधनांच्या नाशाची चिंता नवी नाही. पोथीला कसर लागते, छापील कागद पिवळा पडून कडांशी तुटू लागतो, हे तो जाणतो आणि त्यावरचे उपायही त्याला ठाऊक असतात. गेल्या चार दशकांत त्याच्या साधनसामग्रीत तिसऱ्या प्रकारची भर पडली आहे; तिच्या नाशाची रीत मात्र पुष्कळांच्या परिचयाची नाही. युनिकोड सार्वत्रिक होण्यापूर्वी मराठी मजकूर संगणकावर जुळविला गेला तो अनेक परस्परविसंगत पद्धतींनी. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड ही त्यांतील विशेष व्यवस्थित सोय होय. कानपूरच्या आयआयटीत आरंभ झालेल्या संशोधनातून निघालेले हे कार्ड मदरबोर्डावरील खाचेत बसवीत, आणि मग डॉसवर चालणाऱ्या सामान्य कार्यक्रमांतही देवनागरी किंवा कन्नड अक्षरे पडद्यावर उमटत. १९९१ साली इस्की या संकेतपद्धतीला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. पण प्रत्येकाने ती पाळली असे नाही. कित्येक कोश, सूची आणि प्रबंध अशा खाजगी संकेतांत अडकून राहिले की ते वाचावयास तेच सॉफ्टवेअर आणि तोच जुना संगणक लागतो.

असा एखादा संगणक विभागाच्या कोपऱ्यात अद्याप चालू स्थितीत आहे, त्याची हार्ड डिस्क मात्र करकरू लागली आहे, अशी कल्पना करावी. मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येईल, परंतु त्यासाठी आधी तो वाचता आला पाहिजे. बंगळूरच्या एस. पी. रोडवरून दुसरी डिस्क आणली जाते. (ज्या जुन्या पेठेत ही संगणकसामग्रीची बाजारपेठ भरते, ती सतराव्या शतकात शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे होती, त्यांच्या दरबारी जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला आणि १९२२ साली राजवाड्यांनी तो छापून प्रसिद्ध केला. हे सहज आठवले म्हणून सांगितले.) डिस्क जोडल्यावर संगणक ती ओळखतच नाही, किंवा आरंभीच थबकतो. दोष डिस्कचा नसतो. १९९७-९८ च्या सुमाराच्या अनेक मदरबोर्डांना ८.४ गिगाबाइटच्या पलीकडची जागा मोजताच येत नसे. त्यानंतरच्या पिढीची मर्यादा १३७ गिगाबाइट होती, कारण जागेचा क्रमांक लिहिण्यास अठ्ठावीसच द्विमान अंक राखून ठेवले होते. ही मर्यादा लोखंडात वा तांब्यात नाही, एका लहानशा लिखित संहितेत आहे. तीच बदलावयाची असते.

या संहितेला फर्मवेअर म्हणतात; व्यक्तिगत संगणकाच्या बाबतीत तिचे रूढ नाव बायोस. हे नाव गॅरी किल्डॉल यांनी १९७० च्या दशकात आपल्या सीपी/एम या कार्यप्रणालीच्या एका भागाला दिले होते. वीज सुरू होताच प्रक्रियकाला काहीच ठाऊक नसते: डिस्क कोठे आहे, पडदा कोणता, कळफलक जोडला आहे की नाही, कशाचीच त्याला कल्पना नसते. एका ठरावीक स्थानावरची पहिली आज्ञा वाचावयाची, एवढेच तो जाणतो. त्या स्थानी बायोसची चिप असते. तिच्यातील आज्ञांनुसार तो स्मृती तपासतो, साधने जागी करतो आणि शेवटी डिस्कवरील कार्यप्रणाली वर आणून तिच्या स्वाधीन होतो. ग्रंथाच्या आरंभीच्या मंगलाचरणाशी हिची तुलना करण्याचा मोह होतो. पण मंगलाचरण गाळूनही ग्रंथ वाचता येतो, हिच्यावाचून पुढचे एक पानही उघडत नाही.

१९८१ साली आयबीएमचा व्यक्तिगत संगणक निघाला तेव्हा ही संहिता केवळ वाचता येणाऱ्या स्मृतीत कायमची कोरलेली असे. बदल हवा असल्यास चिप काढून दुसरी बसवावयाची. नंतरच्या एका प्रकारच्या चिपेवर काचेची खिडकी असे आणि अतिनील किरणांनी जुना मजकूर पुसता येई. १९८४ मध्ये तोशिबाचे फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश स्मृतीचा शोध जगापुढे मांडला, आणि पुढच्या दशकात मदरबोर्डावरील बायोस जागच्या जागी, विजेच्या संकेतांनी पुसून पुन्हा लिहिता येऊ लागला. सोय मोठीच झाली. धोकाही तेथूनच सुरू झाला. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच या विषाणूने आशियातील असंख्य संगणक निकामी केले. तो डिस्कचा आरंभीचा भाग तर नष्ट करीच, पण विशिष्ट मदरबोर्डांच्या फ्लॅश चिपेवर निरर्थक मजकूरही लिहून ठेवी. असे संगणक पुन्हा सुरूच होत नसत.

विषाणूने जे हेतुपूर्वक केले ते नूतनीकरणाच्या वेळी अपघाताने घडू शकते. चिपेवरील जुनी संहिता पुसली गेली आहे, नवी पुरती उतरलेली नाही, आणि या मधल्या क्षणी कार्यप्रणाली गोठली किंवा वीज गेली, तर संगणकाजवळ सुरू होण्याचे साधनच उरत नाही. जे वाचून दुरुस्ती करावयाची, तेच पुसलेले असते. म्हणून पहिला नियम असा की कारण नसता बायोसला हात लावू नये. नवी आवृत्ती निघाली हे कारण नव्हे. डिस्क ओळखली जात नाही, नवा प्रक्रियक बसवावयाचा आहे किंवा सुरक्षिततेतील उणीव उघड झाली आहे, ही कारणे होत. आरंभी पडद्यावर दिसणारे निर्मात्याचे बोधचित्र वाचणाऱ्या भागातच दोष असल्याचे २०२३ च्या डिसेंबरात उघडकीस आले, तेव्हा अलीकडच्या पुष्कळ संगणकांना नूतनीकरण आवश्यक झाले होते.

बूट डिस्क कशासाठी, याचे उत्तर वरील धोक्यातच आहे. विंडोज चालू असताना तिच्या पाठीमागे शेकडो कामे चाललेली असतात: विषाणुरोधक कार्यक्रम फाइली तपासत असतो, स्मृतीचे वाटप क्षणोक्षणी बदलत असते. निर्मात्यांनी विंडोजमधून चालणारे नूतनीकरणाचे कार्यक्रम दिलेले असतात आणि बहुतेक वेळा ते निर्विघ्न चालतातही; परंतु ज्या संगणकाला पर्याय नाही त्याच्याबाबत ‘बहुतेक वेळा’ पुरेसे नसते. बूट डिस्क म्हणजे हार्ड डिस्कवाचून संगणक सुरू करू शकणारी, स्वतःपुरती पूर्ण अशी लहानशी भूमी. तिच्यावर काय आहे याहून काय नाही, याला महत्त्व अधिक. डॉसचा गाभा, आज्ञा वाचणारा कार्यक्रम, चिप लिहिणारा कार्यक्रम आणि नवी संहिता, एवढ्या चार फाइली पुरतात.

मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉसचा त्याग करण्याचे ठरविले तेव्हा जिम हॉल यांनी १९९४ साली मुक्त स्वरूपात तसाच डॉस लिहिण्याचा उपक्रम आरंभिला, तो फ्रीडॉस. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २००६ साली निघाली आणि तो आजही विनामूल्य मिळतो. जुन्या संगणकासाठी त्याची फ्लॉपीवर उतरविण्याची प्रतिमा घ्यावी. १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर सर्व सामग्री सहज मावते, कारण त्या काळची संहिता १२८ किंवा २५६ किलोबाइटची असे. अडचण फ्लॉपीच मिळविण्याची आहे. सोनी कंपनीने त्यांचे उत्पादन २०११ मध्ये थांबविले. जुन्या साठ्यातील फ्लॉपी मिळाल्या तरी त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. नव्या संगणकाला यूएसबीने जोडण्याचे फ्लॉपीयंत्र घेऊन त्या पूर्ण स्वरूपन कराव्यात, एकही दोषयुक्त खंड आढळल्यास टाकून द्याव्यात, आणि डिस्क एक नव्हे, दोन कराव्यात.

त्याआधी मदरबोर्डाची ओळख पटविली पाहिजे. पेटी उघडून फलकावर, बहुधा खाचांच्या मधल्या जागेत, छापलेले नाव पाहावे आणि त्यासोबतचा आवृत्तिक्रमांकही टिपून घ्यावा. एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांवरील चिपा निराळ्या असू शकतात, आणि एकीची संहिता दुसरीवर लिहिणे म्हणजे एका ग्रंथाचे शुद्धिपत्र दुसऱ्याला जोडणे. येथे परिणाम केवळ हास्यास्पद होत नाही, संगणक मरतो. संहिता निर्मात्याकडूनच घ्यावी. तिच्यासोबत पडताळणीची बेरीज दिली असल्यास ती उतरविलेल्या फाइलीवरून काढून ताडून पाहावी. एकही अंक वेगळा आला तर ती फाइल वापरू नये. फाइलीचे नाव रोमन लिपीत, आठ अक्षरांच्या आत ठेवावे. डॉसला देवनागरी नावे कळत नाहीत, आणि ही तिला शिकविण्याची वेळ नव्हे.

डिस्कवरील आरंभाच्या आज्ञांची फाइल रिकामी ठेवावी, निदान तीत हायमेम किंवा ईएमएम३८६ यांसारखे स्मृती-व्यवस्थापक तरी नसावेत. हे व्यवस्थापक प्रक्रियकाला निराळ्या अवस्थेत नेतात आणि स्मृतीच्या पत्त्यांची अदलाबदल करतात. चिप लिहिणाऱ्या कार्यक्रमाला मात्र ती चिप तिच्या खऱ्या पत्त्यावर सापडावी लागते. जुन्या सूचनापुस्तिकांतून हा इशारा सर्रास आढळे आणि सर्रास दुर्लक्षिलाही जाई.

आता प्रत्यक्ष कृती. हार्ड डिस्कवरील मजकूर वाचता येत असेल तर सर्वांत प्रथम त्याची प्रत करून घ्यावी. नूतनीकरण मजकुराला स्पर्श करीत नाही, पण नूतनीकरण फसले तर मजकुराकडे जाण्याचा रस्ता बंद होतो. बायोसमधील सर्व नोंदी, विशेषतः डिस्कसंबंधीच्या, कागदावर उतरवून घ्याव्यात, कारण नंतर त्या मूळपदावर जातात. मग फ्लॉपीवरून संगणक सुरू करावा आणि नवे लिहिण्याआधी चिपेवरील जुनी संहिता दुसऱ्या फ्लॉपीवर साठवून घ्यावी. ‘जुनी प्रत ठेवावयाची काय’ असे बहुतेक कार्यक्रम स्वतःच विचारतात. घाईत नकार देणारे नंतर पस्तावतात. काही फलकांवर लेखनाला मज्जाव करणारी बारीक अडसरपट्टी असते, ती आधी हलवावी लागते.

वीज हा या कृतीचा दुबळा दुवा. शिवनसमुद्राहून आलेल्या विजेने बंगळूरचे रस्ते १९०५ सालीच उजळले, पण एप्रिल-मे महिन्यांत दुपारी वळीव कोसळू लागला की आजही ती केव्हा जाईल याचा नेम नसतो. संगणक यूपीएसला जोडलेला असावा आणि त्याची बॅटरी खरोखर भार घेते की नाही, हे आदल्या दिवशी पाहून घ्यावे. कार्यालयांतील कित्येक यूपीएस नुसते दिवे लावून बसलेले असतात. लेखनाला मिनिट-दोन मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात कळफलकाला हात लावू नये. लेखन आणि पडताळणी पूर्ण झाल्याची सूचना मिळाल्यावरच संगणक बंद करावा. पडताळणीत दोष दाखविला तर मात्र मुळीच बंद करू नये: डॉस अद्याप स्मृतीत जिवंत असतो, आणि त्याच बैठकीत जुनी प्रत पुन्हा लिहिता येते.

अलीकडच्या संगणकांत बायोसची जागा यूईएफआयने घेतली आहे. तेथे फ्लॉपीऐवजी पेनड्राइव्ह असतो. रुफस नावाच्या मुक्त कार्यक्रमाने त्यावर फ्रीडॉस बसविता येतो, परंतु पुष्कळ नव्या फलकांना डॉस सुरूच करता येत नाही. त्यांच्या फर्मवेअरमध्येच नूतनीकरणाची सोय असते आणि पेनड्राइव्ह केवळ संहिता वाहून नेतो. काही फलकांवर प्रक्रियक न बसविताही कळ दाबून संहिता लिहिण्याची योजना आहे. ती आतापर्यंतची सर्वांत निर्धोक म्हणावी लागेल. एक सापळा मात्र नवा आहे. विंडोजमधील बिटलॉकर चालू असेल तर फर्मवेअर बदलताच तो संशयाने पुनःप्राप्तीची किल्ली मागतो. ती किल्ली जवळ नसेल तर संगणक धडधाकट आणि मजकूर कायमचा कुलूपबंद, अशी स्थिती होते. बिटलॉकर आधी स्थगित करून किल्ली कागदावर लिहून ठेवावी.

इतकी काळजी घेऊनही पडदा काळाच राहिला तर? जुन्या चिपांत आरंभखंड नावाचा छोटा संरक्षित भाग असतो. तो शाबूत असल्यास काही फलक फ्लॉपीवरून संहिता आपण होऊन उचलतात; एएमआय बायोसमध्ये ‘एएमआयबूट’ नावाने फाइल ठेवून कंट्रोल आणि होम या कळा दाबण्याची रीत होती. अवॉर्ड बायोसचा आरंभखंड जुन्या आयएसए प्रकारच्या दृश्यकार्डाखेरीज पडद्यावर काही दाखवीतच नसे, म्हणून काम चालू आहे की नाही ते फ्लॉपीच्या दिव्यावरूनच ओळखावे लागे. तोही उपाय हरला तर एस. पी. रोडसारख्या ठिकाणी दुरुस्ती करणाऱ्याकडे जावे. जुनी चिप बहुधा खोबणीत असते. ती उपसून प्रोग्रामर नावाच्या यंत्रावर पुन्हा लिहिता येते. नव्या फलकांवरील आठ पायांची चिप डाख देऊन बसविलेली असते, तिला चिमटा लावतात. तिचा दाब ३.३ व्होल्टचा आहे की १.८ व्होल्टचा, हे विचारण्याचा हक्क ग्राहकाने बजावावा, कारण दाब चुकला तर चिपही जाते.

दुरुस्ती करणारा दोन गोष्टी विचारील: फलकाची नेमकी आवृत्ती आणि जुन्या संहितेची प्रत. त्यासाठी साठविलेल्या संहितेची दुसरी फ्लॉपी लिफाफ्यात घालून त्यावर फलकाचे नाव, आवृत्ती आणि दिनांक शाईने लिहावा, आणि लिफाफा संगणकाजवळ ठेवावा. पेटीच्या आत ठेवू नये, तेथे उष्णता असते आणि आतल्या लहान ध्वनिवर्धकाचे चुंबकही.