सांडपाण्याच्या मापाने परसबाग
(शिरूर-दौंडकडील घरांसाठी)

आपल्याकडे एक गंमत दिसते. शिवारात दहा दहा एकर ऊस उभा असतो आणि घरात मेथीची जुडी मात्र आठवड्याच्या बाजारातून येते. पावसाळ्यात, हिवाळ्यात कसेबसे भागते. फाल्गुन-चैत्र लागला की भाजी महाग होते आणि ताटात नुसते पिठले, नाहीतर चटणी-भाकरी उरते. त्याची झळ सर्वांत आधी लागते ती घरातल्या बाईला आणि वाढत्या लेकरांना.

परसबाग करा असे सांगितले की पहिला सवाल येतो, "पाणी कुठाय?" सवाल खरा आहे. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेत मोडतात. वर्षाचा पाऊस साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बराचसा उत्तरा-हस्ताच्या भरवशावर. १९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांच्या अजून तोंडी आहे. २०१८ आणि २०२३ या दोन्ही वर्षी हे दोन्ही तालुके सरकारने जाहीर केलेल्या दुष्काळी तालुक्यांत होते. म्हणून इथली परसबाग जागेच्या मापाने आखू नये, पाण्याच्या मापाने आखावी. सारी गोम इथेच आहे.

हिशेब असा

पाच माणसांच्या घरात आंघोळीचे रोज १०० लिटर पाणी सहज वाहून जाते. भाजी-धान्य धुतलेले आणि कपडे खळबळलेले शेवटचे पाणी धरले तर दीडशे लिटरपर्यंत जाते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद अशा एका वाफ्याला हिवाळ्यात रोजच्या हिशेबाने ३५ ते ४० लिटर पाणी लागते. चैत्र-वैशाखाच्या उन्हात तेच ५५ ते ६० लिटरवर जाते. म्हणजे दीडशे लिटरवर हिवाळ्यात चार वाफे निघतील, उन्हाळ्यात फक्त दोन. बरीच मंडळी दिवाळीला सहा वाफे लावतात आणि मार्चमध्ये सहाही वाळवून बसतात. त्यापेक्षा सहा वाफे आखावेत, पण उन्हाळ्यात दोनच जिवंत ठेवावेत. बाकीचे नांगरटीसारखे खणून उन्हात तापू द्यावेत. त्याने तणाचे बी आणि किडींचे कोष मरतात.

कोणते पाणी चालते, कोणते नाही

धुण्याच्या पावडरीचे आणि सोड्याचे पाणी वाफ्यात सोडू नये. सोड्यातील क्षाराने जमीन चोपण होते, ओली असता चिकट आणि वाळली की दगडासारखी. दौंडकडे कालव्याच्या पट्ट्यात बऱ्याच जमिनी आधीच खारवटल्या आहेत, त्यात आपण आणखी भर घालू नये. वाफ्यावर पांढरा थर दिसू लागला तर माती तपासून घ्यावी. अशा जागी बीट तग धरते, पालकही बऱ्यापैकी येतो. घेवडा आणि गाजर टिकत नाही.

न्हाणीचे पाणी आधी वाळू-खडीच्या खड्ड्यातून जाऊ द्यावे, मग सरीतून मुळाशी द्यावे. पानांवर टाकू नये. कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात हे आपण कच्चे खातो. त्यांना स्वच्छ पाणीच घालावे.

मृग ते श्रावण

पावसाच्या आधी प्रत्येक वाफ्यात दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. ताजे शेण नको, त्याने हुमणी येते. मृगाची ओल झाल्यावर भेंडी, गवार, चवळी टोकावी. वांगी आणि मिरचीची रोपे गादीवाफ्यावर करून चार-पाच आठवड्यांनी लावावीत. भरल्या वांग्याला मांजरी गोटा हा वाण आपल्या भागात कुणाला सांगायला नको. दोडका, कारले, दुधी यांचे वेल कुंपणावर किंवा मांडवावर चढवावेत. कारले-दोडक्याचे बी रात्रभर भिजवून लावले की लवकर उगवते.

हस्त ते मार्गशीर्ष

हा खरा भाजीचा हंगाम. वांगी-मिरचीचे दोन वाफे चालूच असतात. आणखी दोन वाफ्यांत मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, टोमॅटो, लसूण घ्यावा. पालेभाजी एकदम पेरू नये. वाफ्याचे चार तुकडे करून दर दहा-बारा दिवसांनी एक तुकडा पेरावा, म्हणजे भाजी एकदम येऊन जून होत नाही. धने हलके रगडून, दोन फोडी करून पेरावेत. उरलेल्या दोन वाफ्यांत हस्ताच्या ओलीवर हरभरा टाकावा. त्याला वरचे पाणी फारसे लागत नाही. कोवळे शेंडे खुडले की भाजीही होते आणि झाडाला फुटवाही चांगला येतो.

संक्रांत ते वळीव

संक्रांतीनंतर थंडी ओसरू लागली की दोन वाफे तयार करावेत. एकात भेंडी आणि गवार, दुसऱ्यात काकडी आणि कडेने तांदुळजा, माठ. तांदुळजा तीन-चार आठवड्यांत काढणीला येतो, आणि उन्हातही येतो.

आता मुख्य गोष्ट. उसाचे पाचट जाळू नका, ते परसात आणा. झाडांमध्ये तीन-चार बोटे जाडीचा थर द्यावा. ऊन थेट मातीला लागत नाही, ओल टिकते आणि दोन पाण्यांतले अंतर वाढते. मात्र बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडावी आणि वाळवीवर नजर ठेवावी.

फळझाडे : थोडी, पण जागा पाहून

झाडे उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या कडेने लावावीत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या झाडाची सावली वाफ्यावर पडत नाही. पश्चिमेच्या झाडाने उन्हाळ्यात दुपारनंतरची सावली मिळते. एक शेवगा, एक कागदी लिंबू, एक पेरू आणि दोन पपया एवढे एका घराला पुष्कळ झाले. पेरूचा सरदार, म्हणजेच लखनौ-४९, हा वाण पुण्यातल्या गणेशखिंडीच्या फळ संशोधन केंद्रात निवडलेला आहे आणि आपल्या हवेत चांगला येतो. पपईच्या एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावावीत आणि फुले आल्यावर नर झाडे काढावीत; परागासाठी सगळ्यांत मिळून एक नर ठेवावा. शेवग्याच्या शेंगाच नव्हे, पालाही खावा. उन्हाळ्यात दुसरी पालेभाजी नसते तेव्हा हाच पाला कामाला येतो. केळ पाण्याला हावरी असते, ती लावायचीच तर न्हाणीच्या तोंडाशी लावावी, अळूही तिथेच.

औषधाचा पंप परसात नको

उसात रुंद पानांच्या तणासाठी २,४-डी मारतात. तोच पंप नुसता विसळून परसात वापरला, किंवा शेजारच्या रानातून वाऱ्याने फवारा आला, तरी टोमॅटो, भेंडी, पपई यांची पाने वाकडी होऊन आकसतात. लोक त्याला रोग समजतात. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा आणि वारा घराकडे वाहत असताना फवारू नये.

परसातली भाजी सकाळी तोडून दुपारी पोरांच्या पानात पडते. तिच्यावर शेतातले जहाल औषध मारण्यात काय हशील? ज्येष्ठात पडलेल्या निंबोळ्या वेचून, सावलीत वाळवून ठेवाव्यात. पाव किलो निंबोळीची भरड थोड्या पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्याने गाळून एकूण पाच लिटर करावे आणि उन्हे कलल्यावर फवारावे. मावा, तुडतुडे याने आटोक्यात राहतात. वांग्याचा सुकलेला शेंडा दिसताच अळीसकट खुडून नष्ट करावा. भेंडीचे झाड पिवळ्या शिरांचे झाले की उपटून टाकावे, ते बरे होत नाही.

आणखी एक सांगणे. आपल्या ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. घराला लागून दाट झुडूप वाढू देऊ नये, आणि अंधारात बागेला पाणी घालायला लहान मुलांना पाठवू नये.

सुरुवात कशी करावी

एक दिवस न्हाणीचे पाणी टिपात धरून मोजा. जेवढे भरेल तेवढेच वाफे आखा. पहिल्या वर्षी दोनच झाले तरी चालतील, पण ते दोन वैशाखात हिरवे राहिले पाहिजेत. हे पत्रक स्वयंपाकघराच्या भिंतीला अडकवून ठेवा, आणि बी-बियाणे घरच्या बाईच्या विचारानेच आणा. ताटात काय कमी पडते हे तिच्याइतके कुणाला ठाऊक नसते.