माती काय धरते, काय सोडते?

मध्यंतरी आमच्या महाविद्यालयाच्या जीवशास्त्र विभागाकडून मी दोन रंग मागून आणले. एक मिथिलीन ब्ल्यू, दुसरा इओसिन. भौतिकीच्या माणसाला हे रंग कशाला हवेत, म्हणून तिथल्या साहाय्यकांनी माझ्याकडे जरा संशयानेच पाहिले! प्रयोग अगदी साधा होता. तुम्हीही शाळेत करून पाहा. परसातली काळी माती वाळवून बारीक केली आणि पाणी लवकर उतरावे म्हणून तीत निम्मी वाळू मिसळली. दोन नरसाळ्यांत गाळणकागद बसवून ही माती सारखीच भरली. एकात निळ्या रंगाचे फिके द्रावण ओतले, दुसऱ्यात लाल रंगाचे. लाल द्रावण मातीतून लालच बाहेर पडले. निळ्याच्या खाली मात्र जवळजवळ बिनरंगी पाणी ठिबकू लागले. निळा रंग मातीने धरून ठेवला होता.

असे का व्हावे? मातीतील चिकणमातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण विद्युतप्रभार असतो. मिथिलीन ब्ल्यूचा रंगीत आयन धनप्रभारित आहे, म्हणून तो कणांना चिकटतो. इओसिनचा आयन ऋणप्रभारित आहे. सजातीय प्रभारांत प्रतिकर्षण असते, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलेच आहे. त्यामुळे लाल रंगाला मातीत कोठेच थारा मिळत नाही. पाणी जाईल तिकडे तोही जातो.

आता या रंगांच्या जागी नायट्रोजनची दोन रूपे घ्या. अमोनियम हा धन आयन आणि नायट्रेट हा ऋण आयन. पहिल्याला माती धरते, दुसऱ्याला सोडते. इंग्लंडमध्ये जॉन थॉमस वे यांनी १८५० च्या सुमारास मातीतून निरनिराळी द्रावणे गाळून हे दाखवले होते. एवढ्याशा या फरकामुळे एका देशाला आपल्या शेतीचे वेळापत्रकच बदलावे लागले. तो देश म्हणजे डेन्मार्क.

डेन्मार्कची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास. तेथील डुकरांची संख्या मात्र कोणत्याही दिवशी मोजली तरी एक कोटीच्या वर भरते. गोठ्याच्या जमिनीला फटी ठेवलेल्या असतात. मलमूत्र त्यांतून खाली पडते आणि त्याचा पातळ राडा टाकीत साठवला जातो. हे उत्तम खत आहे. त्यातील निम्म्याहून बराच अधिक नायट्रोजन अमोनियमच्या रूपात, म्हणजे माती धरून ठेवील अशा रूपात असतो. मग अडचण कोठे आली?

अडचण जिवाणूंची. जमिनीतील जिवाणू अमोनियमचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट बनवतात. धन आयनाचा ऋण आयन होतो! हे काम सजीवांचे आहे, हे १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी सिद्ध केले. वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून त्यांनी गटाराचे पाणी हळूहळू सोडले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. मग खाली नायट्रेट येऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते थांबले.

पूर्वी डेन्मार्कचे शेतकरी पीक कापून झाल्यावर, टाक्या भरत आल्या की तो राडा मोकळ्या शेतात पसरत. शरद ऋतूत जमीन अजून उबदार असते आणि जिवाणू कामात असतात. पण नायट्रेट शोषून घ्यायला शेतात पीक नसते. वरून पाऊस सुरूच. वसंतात पेरणी होईपर्यंत बरेचसे नायट्रेट मुळांच्या आवाक्याखाली उतरलेले असे.

किती नायट्रेट गेले म्हणजे पाणी बिघडते, याचा हिशेब करू. समजा, हिवाळ्यात ३०० मिलिमीटर पाणी जमिनीतून खाली झिरपले. एका हेक्टरमागे ते ३० लाख लिटर भरते. युरोपात पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे (आपल्याकडे ४५). म्हणजे १५० किलो नायट्रेट, आणि त्यातील नायट्रोजन अवघा ३४ किलो! डुकरांच्या एक टन राड्यात चार-पाच किलो नायट्रोजन असतो. तेव्हा आठ टनांतला नायट्रोजन निसटला की मर्यादा गाठलीच. शेतात हेक्टरी याच्या कितीतरी पट राडा पडतो. डेन्मार्कमध्ये पिण्याचे जवळजवळ सर्व पाणी भूजलच असते. नायट्रेट फार झालेले पाणी तान्ह्या बाळांच्या पोटात गेले, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटून बाळ निळसर पडू शकते.

पण देश हलला तो विहिरींमुळे नव्हे, समुद्रामुळे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅटेगॅटच्या समुद्रात कोळ्यांच्या जाळ्यांत शेवंडीच्या जातीचे मेलेले जीव आले आणि ते दृश्य दूरचित्रवाणीवर दिसले. नायट्रेटवर शैवाल माजते, मरून तळाशी जाते आणि कुजताना तळातला प्राणवायू संपवते. पुढच्याच वर्षी तेथील संसदेने जलपर्यावरण योजना मंजूर केली. पाण्यात जाणारा नायट्रोजन निम्म्यावर आणायचा, हे तिचे उद्दिष्ट होते.

उपाय पाहिलेत तर त्यांत यंत्रांपेक्षा वेळेला महत्त्व अधिक आहे. राडा कापणीनंतर मोकळ्या रानात टाकायचा नाही. पिकाची वाढ सुरू होईल तेव्हा द्यायचा. तोवर तो ठेवायला साधारण नऊ महिने पुरतील अशा टाक्या बांधाव्या लागल्या, आणि त्यासाठी शेतकऱ्यांना मोठा खर्च आला. शिवाय कापणीनंतर मोहरी, मुळा किंवा रायगवत पेरतात. ते विकायचे नसतेच. उरलेले नायट्रेट त्याने शोषून घ्यावे आणि वसंतात नांगरून पुन्हा जमिनीला द्यावे, एवढ्यासाठीच ते असते. मला सगळ्यांत आवडलेला उपाय हाच.

समुद्रात जाणारा नायट्रोजन १९९० च्या मानाने आता जवळजवळ निम्मा झाला आहे. तरीही तेथील खाड्यांत प्राणवायूची टंचाई पडतेच. म्हणून २०२४ मध्ये काही शेतजमीन लागवडीखालून काढून तेथे वने वाढवण्याचा करार तेथील राजकीय पक्षांनी केला.

आणि भूजल? ते सावकाश चालते. विहिरीतले पाणी पावसाच्या रूपाने केव्हा पडले, हे तेथील शास्त्रज्ञ त्यात विरघळलेल्या क्लोरोफ्लुओरोकार्बन वायूंवरून काढतात. ओझोनला छिद्र पाडणारे, शीतकपाटातले तेच हे वायू! हवेत कोणत्या वर्षी ते किती होते हे ठाऊक आहे. त्यामुळे पाण्यातले प्रमाण मोजले की पाण्याचे वय कळते. अशी वये लावून पाहिल्यावर दिसले, की १९८० च्या सुमारास जमिनीत उतरलेल्या पाण्यात नायट्रेट सर्वांत अधिक आहे आणि त्यानंतर उतरलेल्या पाण्यात ते कमी होत गेले आहे.