समोरच्या विमानातला माणूस

फ्रँकफुर्टच्या उत्तरेला, टाउनुस डोंगराच्या पायथ्याशी ओबरउर्झेल हे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या आकाशात पाडले गेलेले ब्रिटिश आणि अमेरिकी वैमानिक जिवंत हाती लागले की बहुधा इथल्या चौकशी-छावणीतल्या एकांतकोठडीत येऊन पडत. नाव, हुद्दा आणि क्रमांक यांपलीकडे कैद्याने काही सांगण्याचं बंधन १९२९च्या जिनिव्हा कराराने घातलेलं नव्हतं. पुष्कळसे वैमानिक तेवढं सांगून गप्प बसत. पण त्यांच्या आधी त्यांचे खिसे बोललेले असत.

शत्रूच्या मुलखात उतरावं लागलंच तर खोट्या ओळखपत्रावर चिकटवायला म्हणून हे वैमानिक साध्या कपड्यांतला स्वतःचा फोटो जवळ बाळगत. फोटोसाठी तळावर ठेवलेला कोट मात्र एखादाच. तोच कोट आणि तोच टाय घातलेले निरनिराळे चेहरे ओबरउर्झेलला येऊ लागले, तसा नुसत्या कोटावरून तळ ओळखता येऊ लागला. कॅन्टीनच्या रेशनकार्डावरच्या खुणांचंही तसंच. त्या करण्याची रीत तळागणिक वेगळी. शिवाय ब्रिटिश-अमेरिकी वृत्तपत्रांची कात्रणं होती. कुणाला पदक मिळालं, कुणाला बढती, कुणाचं लग्न ठरलं, हे सगळं त्या त्या पथकाच्या फाईलमध्ये जाई.

या फायलींचा सर्वांत कुशल वापर केला तो हान्स शार्फ याने. हा मूळचा व्यापारी, जोहान्सबर्गला राहिलेला, इंग्रज बायकोचा नवरा. १९३९ मध्ये सुट्टीसाठी जर्मनीत आला आणि युद्ध पेटल्यामुळे अडकला. चांगल्या इंग्रजीमुळे तो ओबरउर्झेलला पोचला आणि अमेरिकी लढाऊ विमानांचे वैमानिक त्याच्या वाट्याला आले. त्याने कैद्यावर हात उगारला नाही. न पळण्याचं वचन घेऊन तो त्याला रानात फिरायला नेई आणि विचारण्यापेक्षा सांगतच जास्त असे: तुमच्या पथकाचा प्रमुख कोण, तळ कुठे, मागच्या आठवड्यात काय घडलं.

अमेरिकी विमानांच्या गोळ्यांच्या प्रकाशरेषा मध्येच पांढऱ्या का होतात, हे कोडं जर्मनांना सुटत नव्हतं. शार्फने बोलता बोलता एका वैमानिकापुढे विषय काढला की अमेरिकेत रसायनांची टंचाई झालेली दिसते. वैमानिकाने त्याला दुरुस्त केलं: टंचाई कसली, गोळ्या संपत आल्या की पांढरी रेषा दिसते, ती वैमानिकाला इशारा म्हणून! समोरच्या विमानातल्या गोळ्या कधी संपणार हे जर्मन वैमानिकाला कळणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. माझ्या मते शार्फचं खरं कौशल्य सौजन्यात नव्हतं. यांना सगळं ठाऊकच आहे असं एकदा वाटलं की आपण जे बोलतो त्यात फितुरी आहे हे कैद्याला जाणवतच नाही, आणि ती जाणीव पुसण्यात तो वाकबगार होता. युद्धानंतर तो अमेरिकेत जाऊन मोझाइक कलाकार झाला. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या सिंड्रेला किल्ल्यातली भित्तिचित्रं त्याच्या हातची आहेत. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या मानसशास्त्रज्ञांनी पुढे त्याच्या पद्धतीच्या रीतसर चाचण्या घेतल्या.

शार्फच्या गोष्टीने ओबरउर्झेल मात्र धुऊन निघत नाही. तिथे रेड क्रॉसच्या नावाचा बनावट अर्ज कैद्यापुढे ठेवला जाई. कोठड्या असह्य तापवल्या जात. त्याबद्दल १९४५च्या अखेरीस वुपर्टालला ब्रिटिश लष्करी न्यायालयात खटला चालला आणि छावणीप्रमुख एरिख किलिंगर याला पाच वर्षांची शिक्षा झाली. हा किलिंगर पहिल्या महायुद्धात स्वतः वैमानिक होता. रशियनांच्या कैदेतून निसटून आलेला.

ब्रिटिशांनी कान भिंतीत बसवले. लंडनच्या उत्तरेला ट्रेंट पार्क या हवेलीत जर्मन वैमानिकांच्या खोल्यांमध्ये मायक्रोफोन दडवले होते. हवाईदलाच्या चौकशी विभागाचा प्रमुख डेनिस फेल्किन. चौकशीत मुद्दाम एखादा विषय छेडायचा आणि कैदी खोलीत परतल्यावर सोबत्याशी त्याबद्दल काय बोलतो ते ऐकायचं, ही तिथली रीत. १९४० मध्ये पडलेल्या एका हाइन्केल विमानात ‘क्निकेबाइन’ असा शब्द असलेला कागद सापडला होता. त्यावर प्रश्न विचारले गेल्यानंतर एक कैदी खोलीत म्हणाला की कितीही शोधलं तरी यांना ते सापडणार नाही. अठ्ठावीस वर्षांच्या शास्त्रज्ञ आर. व्ही. जोन्सने त्यातून ताडलं की वस्तू डोळ्यांसमोरच असणार. पूर्वी पाडलेल्या हाइन्केलच्या तपासणीचे कागद पुन्हा चाळले गेले, आणि धुक्यात उतरण्यासाठीचा रेडिओ ग्राहक त्या कामाला लागतो त्यापेक्षा फारच संवेदनशील असल्याचं लक्षात आलं. बॉम्बफेकी विमानांना रात्री लक्ष्यावर नेणाऱ्या रेडिओ-शलाका त्यावर पकडल्या जात होत्या. २१ जून १९४०च्या रात्री एका अ‍ॅन्सन विमानाने त्या आकाशात शोधून काढल्या. त्यांचा छेद डर्बीवर होता, जिथे रोल्स-रॉइसची मर्लिन इंजिनं तयार होत.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर जर्मन जाणणाऱ्या तरुणी बिनतारी संचांना कान लावून बसत. आवाजावरून वैमानिक ओळखण्याइतका त्यांचा सराव झाला. त्यांच्यातल्या एलीन क्लेटन यांच्या आठवणींत एक टेहळणी वैमानिक आहे. रोजच्या येण्याजाण्याने तो ओळखीचा झाला होता. त्यांनीच दिलेल्या माहितीवरून एके दिवशी त्याचं विमान पाडलं गेलं, आणि जळत्या विमानातून आईला मारलेल्या त्याच्या हाका त्यांना संचावर ऐकू येत राहिल्या. क्लेटन बाहेर गेल्या आणि त्यांना ओकारी झाली.

ट्रेंट पार्क आणि तशाच इतर केंद्रांतली संभाषणांची टिपणं १९९६ मध्ये खुली झाली. २००१ मध्ये जर्मन इतिहासकार झोन्के नाइट्झेल यांना ती लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गठ्ठ्यांनी सापडली. यंत्रांची गुपितं मिळवण्यासाठी लिहून घेतलेल्या त्या कागदांत एप्रिल १९४० मधलं एक बोलणं आहे. पोलंडवरच्या स्वारीच्या दुसऱ्या दिवशी बॉम्ब टाकताना वाईट वाटलं, असं एक वैमानिक सोबत्याला सांगतो. तिसऱ्या दिवशी काहीच वाटलं नाही, आणि चौथ्या दिवशी मजा येऊ लागली.