शेणाचा हिशेब

मुरबाड-शहापूरकडच्या शेतकऱ्याला "गाय दूध किती देते?" असं विचारलं तर तो जरा ओशाळतो. वासराचं पिऊन झाल्यावर उरलं तर चहापुरतं. मग गुरं पाळायची कशाला? त्याचं उत्तर गोठ्यात मिळत नाही. ते मिळतं शिमगा सरल्यावर, राबाच्या तुकड्यात.

भाताच्या रोपांसाठी राखलेल्या त्या तुकड्यावर आधी वाळलेल्या शेणाचा थर, त्यावर झाडांच्या छाटलेल्या फांद्यांचं कवळ, मग पालापाचोळा, गवत आणि वरून चाळलेली बारीक माती. पेटवायचं तेही वाऱ्याच्या उलट्या बाजूने, म्हणजे भडका न होता आग धुमसत सरकते. वरच्या मातीतलं तणाचं बी जळतं आणि राख तिथेच राहते. शेण कमी पडलं तर नुसत्या पाल्याची ज्वाळा झरकन निघून जाते, जमीन नीट भाजली जात नाही. पहिल्या पावसात पेरलेलं आवण, म्हणजे भाताची रोपं, मग तणात दडून बसतं. गोठ्यातल्या गुरांवरून खाचरातल्या भाताचा अंदाज बांधता येतो, तो असा.

इंग्रजी अमलात वनखात्याने कवळ तोडण्यावर बंधनं आणली तेव्हा ठाणे-कुलाब्यात एवढा असंतोष उसळला, की 1885 मध्ये सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. राब जाळणं हे अज्ञान की शेतीची गरज, हा त्यातला मोठा वाद. आज शास्त्रज्ञ म्हणतात, जाळण्यात नत्र हवेत जातं, त्यापेक्षा शेणखत कुजवून घाला. पटण्यासारखं आहे. पण कुजवायलाही शेण लागतंच.

इथला पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास. चार महिने गुडघाभर चिखलात उभं राहायचं तर अंगापिंडाने थोराड संकरित जनावर उपयोगाचं नाही. इथे चालते डांगी. पांढऱ्यावर काळे किंवा तांबडे ठिपके, कातडी तेलकट, त्यामुळे पाणी अंगावर ठरत नाही, आणि काळे टणक खूर. कोकणातल्या बुटक्या गावठी गाईंनाही 'कोकण कपिला' या नावाने राष्ट्रीय नोंदणीत जागा मिळाली. शतकानुशतकं चिखल तुडवल्यावर कागदावर नाव आलं.

बैलांचा मोठा बाजार म्हणजे मुरबाड तालुक्यातली म्हसा यात्रा. पौष पौर्णिमेला म्हसोबाच्या दर्शनाला माणसं येतात, बैल येतात, घोंगड्या आणि शेतीची अवजारं येतात. बैल ही चार पायांवरची ठेव होती. उमेदीत नांगर ओढायचा आणि थकल्यावर विकला की नव्या जोडीला हातभार लागायचा. मार्च 2015 मध्ये राज्यात बैलाच्या कत्तलीवर बंदी आली आणि म्हाताऱ्या बैलाचा भाव बसला. कायद्यामागच्या श्रद्धेबद्दल इथे वाद घालायचा नाही. पण निकामी बैलाला आणखी काही वर्षं चारा घालण्याचा खर्च गरीब शेतकऱ्याच्याच अंगावर पडला, हे म्हणायलाच हवं. मग तो भाड्याच्या ट्रॅक्टरकडे वळला तर दोष कुणाला द्यायचा? शेजारच्या कर्जत तालुक्यात नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेल्या सगुणा पद्धतीत तर चिखलणीच नाही, लावणीही नाही. तिथे नांगराच्या बैलाला कामच उरत नाही.

गाईबैलांची ऐपत नसलेल्या घराची तिजोरी म्हणजे गावठी कोंबडी आणि शेळी. दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघालेल्या कातकरी कुटुंबाच्या बोचक्यांबरोबर टोपलीत कोंबड्याही असतात. आखाडात घरातलं धान्य संपत आलेलं असतं, आणि नेमकी तेव्हाच गटारी येते. मुंबई-ठाण्याच्या पाहुण्यांच्या जिभेपायी गावठी कोंबड्याचा भाव चढतो. गटारीला नाकं मुरडणाऱ्यांनी ही बाजूही पाहावी. पक्ष्यांचा धंदा धोक्याचा आहेच. फेब्रुवारी 2022 मध्ये शहापूरच्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला, तेव्हा किलोमीटरभराच्या घेऱ्यातले पक्षी नष्ट करावे लागले. रोग एका खुराड्यात शिरला, तरी फटका आसपासच्या सगळ्यांना बसला.

भात कापून झालं की गुरं मोकळी सुटतात, ही जुनी रीत. खाचरात चरताना ती शेणही तिथेच टाकतात. पण ज्याला भातानंतर खाचरात उरलेल्या ओलीवर वाल घ्यायचा असतो, त्याला काट्यांची वई घालून राखण करावी लागते. वालवाला आणि गुरंवाला यांचं भांडण दर हिवाळ्यात होतं, आणि कित्येकदा ते एकाच घरातल्या दोन भावांत असतं.

माळावरचं गवत मात्र गावात राहत नाही. कापून, दाबून, गठ्ठे बांधून ते शहराकडच्या तबेल्यांत जातं. आणि गोठा रिकामा झालेला, आता भेंडी पिकवणारा शेतकरी शेणखत विकत घेतो, तेही ट्रॉलीच्या भावाने.