तान्ह्या बाळाचा टीबी : ओळखायचा कसा आणि मोजायचा कसा?



यंदाच्या मदतनिधीतला काही भाग लहान मुलांच्या क्षयरोगावरील संशोधनाला द्यायचं आपण ठरवलं, तेव्हा काही सभासदांनी विचारलं, "टीबीवर औषधं तर केव्हाच निघाली, मग आता संशोधन कसलं?" प्रश्न रास्त आहे. औषधं आहेत, पण ती कोणाला द्यायची हे आधी कळायला हवं. तान्ह्या बाळांच्या बाबतीत नेमकं तिथेच घोडं पेंड खातं.

मोठ्या माणसाला टीबीची शंका आली की तो डबीत बेडका देतो आणि त्यात जंतू शोधले जातात. बाळाला थुंकता येत नाही, खोकल्यातून आलेला बेडका ते गिळून टाकतं. शिवाय मोठ्यांच्या मानाने त्याच्या छातीत जंतू फार थोडे असतात. वजन न वाढणं, ताप, रेंगाळणारा खोकला ही लक्षणं कुपोषणात आणि न्यूमोनियातही दिसतात. छातीच्या एक्स-रेमध्ये तान्ह्या बाळाच्या थायमस ग्रंथीची नेहमीची सावलीसुद्धा चकवते. हातावर टोचून करायची मांटू चाचणी फार तर जंतूंचा संसर्ग झाल्याचं सांगते, आजार झालाय की नाही ते सांगत नाही.

मग जंतू मिळवायचे कुठून? पहाटे, बाळ उपाशी असतानाच, नाकातून पोटात बारीक नळी घालून रात्रभर गिळलेला बेडका बाहेर काढतात. किंवा मिठाच्या पाण्याचा फवारा हुंगवून बेडका सुटा करतात आणि नळीने ओढून घेतात. बाळ रडतं आणि आईचा जीव कासावीस होतो. एवढं करून नमुना कल्चरला लावला तर उत्तर यायला काही आठवडे जातात, आणि टीबी असलेल्या कित्येक बाळांत तेव्हाही जंतू सापडत नाहीत.

दवाखान्यातले डॉक्टर तोपर्यंत थांबत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाचा टीबी झपाट्याने पसरू शकतो, मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकतो. घरात कोणाला टीबी असेल आणि लक्षणं जुळत असतील तर ते औषध सुरू करतात, आणि तेच योग्य आहे.

संशोधकाची अडचण वेगळी आहे. एक सोपा हिशेब करून पाहू. समजा, १,००० बाळांना नवी लस दिली आणि दुसऱ्या १,००० बाळांना दिली नाही. लस न दिलेल्या गटात ४० बाळांना खरोखर टीबी झाला आणि लस दिलेल्यांत २०. म्हणजे लसीने आजार निम्म्यावर आणला. पण दोन्ही गटांत प्रत्येकी ६० साधे खोकलेही 'टीबी' म्हणून मोजले गेले, तर आकडे होतात १०० आणि ८०. चांगली लस कुचकामी वाटू लागते! उलट, 'जंतू सापडले तरच मोजू' असं ठरवलं आणि पाचातल्या एकाच बाळात ते सापडले, तर उरतात ८ आणि ४. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो.

हा प्रश्न नुसता कागदावरचा नाही. ऑक्सफर्डमध्ये तयार झालेल्या एमव्हीए८५ए या लसीची चाचणी २००९ पासून दक्षिण आफ्रिकेत केप टाउनजवळच्या वूस्टर भागात झाली. बीसीजी घेतलेली २,७९७ बाळं त्यात होती. टीबी कशाला म्हणायचं याची व्याख्या आधीच ठरली होती. शंका आलेल्या बाळांचे पोटातले आणि बेडक्याचे नमुने घेतले गेले. २०१३ साली निकाल आला : लस मिळालेल्या १,३९९ बाळांपैकी ३२ जणांना टीबी झाला होता आणि न मिळालेल्या १,३९५ पैकी ३९ जणांना. म्हणजे बीसीजीपेक्षा जास्त संरक्षण मिळत असल्याचं दिसलं नाही. निकालाने निराशा झाली, पण मोजणी नीट झाल्यामुळे त्यावर भरवसा ठेवता आला.

अशा अभ्यासांची एकमेकांशी तुलना करता यावी म्हणून तज्ज्ञांनी २०१२ मध्ये समान व्याख्या सुचवल्या आणि २०१५ मध्ये त्या सोप्या केल्या. आता तीन गट आहेत. जंतू सापडले तर 'सिद्ध टीबी'. सापडले नाहीत, पण लक्षणं, एक्स-रे, टीबी रुग्णाचा सहवास किंवा संसर्गाचा पुरावा, आणि औषधाने आलेला गुण या चारांपैकी निदान दोन गोष्टी जुळल्या तर 'असिद्ध टीबी'. बाकीच्यांत 'टीबीची शक्यता कमी'.

असिद्ध म्हणजे बिनमहत्त्वाचा असं मात्र समजू नका. लंडनहून चालवलेल्या 'शाइन' चाचणीत युगांडा, झांबिया, दक्षिण आफ्रिका आणि भारतातली १,२०४ मुलं होती. भारतातली केंद्रं होती चेन्नई आणि आपलं पुणे. त्यातल्या बहुसंख्य मुलांत जंतू सापडले नव्हते. तरी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निकालाने दाखवून दिलं, की सौम्य टीबीला सहा महिन्यांऐवजी चार महिन्यांचं औषध पुरतं. आई-बापांच्या दृष्टीने दोन महिन्यांची औषधं वाचली ही लहान गोष्ट नव्हे.

नळीचा त्रासही कमी होऊ लागलाय. गिळलेल्या बेडक्यातल्या जंतूंचा अंश शौचात उतरतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी मुलांच्या शौचाचा नमुना एक्सपर्ट अल्ट्रा यंत्रावर तपासायला मान्यता दिली. जंतू फारच थोडे असतील तर ही चाचणीही चुकते, त्यामुळे शोध संपलेला नाही.

मंडळी, हा विषय आपल्या घरापासून फार लांबचा नाही. आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणाचाही जन्म भारतातला असेल तर इथे ब्रिटनमध्ये बाळाला बीसीजी दिली जाते. घरात नातवंड आलं असेल तर तेवढी चौकशी जरूर करा. जगात दरवर्षी दहा लाखांहून अधिक मुलांना टीबी होतो. त्यांच्यातल्या सगळ्यात लहानांना आपलं दुखणं सांगता येत नाही आणि तपासायला बेडकाही देता येत नाही. त्यांचा आजार वेळेत ओळखला जावा आणि खरा मोजला जावा, यासाठी आपला प्रत्येक पौंड लागणार आहे. यथाशक्ती हातभार लावावा, ही नम्र विनंती.