रॉबर्ट ट्रिफिन : नाणेनिधी ते येल

रॉबर्ट ट्रिफिन यांचा जन्म 1911 मध्ये बेल्जियममधील फ्लोबेक गावी झाला. लूवाँ येथे शिकून ते अमेरिकेत गेले आणि 1938 मध्ये त्यांनी हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली. प्रबंध बाजारातील मक्तेदारी आणि स्पर्धेवर होता. चलनाच्या प्रश्नाकडे त्यांना वळवले ते नोकरीने. 1942 मध्ये अमेरिकेची मध्यवर्ती बँक असलेल्या फेडरल रिझर्व्हच्या लॅटिन अमेरिका विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली. पॅराग्वेसारख्या देशांच्या चलनसुधारणेत त्यांनी सल्लागार म्हणून काम केले.

1946 मध्ये ते नव्याने सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत दाखल झाले आणि दोन वर्षांनी निधीचे प्रतिनिधी म्हणून पॅरिसला गेले. युद्धोत्तर युरोपचा व्यापार तेव्हा दोन-दोन देशांमधल्या स्वतंत्र करारांत अडकला होता. फ्रान्सकडून येणे असलेली रक्कम ब्रिटनचे देणे भागवायला चालत नसे. मग मालाची गरज असूनही आयात रोखावी लागे. 1949 पासून युरोपला अमेरिकी मदत देणाऱ्या मार्शल योजनेच्या प्रशासनात सल्लागार असताना ट्रिफिन यांनी यावर सुचवलेला तोडगा हिशेबनिसाला शोभेल असा होता. महिनाअखेर प्रत्येक देशाची सगळी येणी-देणी एकत्र करायची आणि उरलेल्या एकाच आकड्याचा हिशेब सामायिक संघाशी करायचा, काही भाग उधारीवर, काही सोन्यात किंवा डॉलरमध्ये. 1950 मध्ये स्थापन झालेला युरोपीय देयक संघ याच तत्त्वावर 1958 पर्यंत चालला.

1951 मध्ये ट्रिफिन येल विद्यापीठात प्राध्यापक झाले. कचेरी सुटली तरी प्रश्न तोच राहिला, फक्त युरोपऐवजी सारे जग समोर आले. 1960 च्या ‘गोल्ड अँड द डॉलर क्रायसिस’ या पुस्तकात त्यांनी डॉलर सोन्याशी आणि इतर चलने डॉलरशी बांधणाऱ्या ब्रेटन वुड्स व्यवस्थेतील अंतर्विरोध मांडला. व्यापार वाढतो तसे देशांना गंगाजळीसाठी अधिक डॉलर लागतात, आणि ते मिळण्याचा मुख्य मार्ग म्हणजे अमेरिकेच्या देयक-व्यवहारातील तूट. पण तूट साचत गेली की 35 डॉलरला एक औंस सोने देण्याच्या अमेरिकेच्या हमीवरचा विश्वास ढळतो. तूट थांबवावी, तर जगाला चलनटंचाई. देशांनी आपली गंगाजळी नाणेनिधीत ठेवी म्हणून ठेवावी आणि निधीनेच राखीव चलन पुरवावे, हा त्यांचा उपाय अर्थतज्ज्ञ केन्सच्या जागतिक चलनसंघाच्या जुन्या योजनेच्या जवळचा होता. सरकारांनी तो स्वीकारला नाही. 1969 मध्ये मान्य झालेले विशेष आहरण अधिकार, म्हणजे निधीने निर्माण केलेले राखीव साधन, हे त्याचे फारच तोकडे रूप.

टीकाही झाली. अमेरिका जगाची बँक आहे आणि बँकेच्या ठेवी वाढणे म्हणजे तूट नव्हे, असे 1966 मध्ये अर्थतज्ज्ञ किंडलबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. 15 ऑगस्ट 1971 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले, तेव्हा ट्रिफिन यांचा इशारा खरा ठरला. मात्र सोन्याची कडी तुटूनही डॉलरचे राखीव स्थान टिकले, ही टीकाकारांची बाजू आजही दुर्लक्षित करता येत नाही.

1977 मध्ये बेल्जियमला परतून ट्रिफिन लूवाँ-ला-नव्ह येथे अध्यापन करू लागले आणि युरोपच्या सामायिक चलनाचा पाठपुरावा करत राहिले. 1993 मध्ये त्यांचे निधन झाले. तोवर या चलनाची तरतूद करणाऱ्या मास्ट्रिख्ट करारावर सह्या झाल्या होत्या.