खळ्याच्या शोधातलं पेलेट्रॉन

उंब्रजच्या शिवारात ‘खळं’ या शब्दाचे दोन अर्थ नांदतात. एक ज्वारीच्या मळणीचं, मधोमध तिवडा रोवलेलं. दुसरं चंद्राभोवती पडणारं, ज्याकडे बघून जुनी माणसं पावसाचा अंदाज बांधतात. अणुकेंद्रालाही खळं असू शकतं, आणि त्यात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात: मधे घट्ट गाभा, भोवती लांबवर विरळ पसरलेले एकदोन न्यूट्रॉन.

१९८५ मध्ये इसाओ तानिहाता यांच्या गटाने अमेरिकेत बर्कली इथे लिथियम-११ ची केंद्रं लक्ष्यांवर आदळवली. टकरी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त झाल्या. अवघ्या ११ कणांच्या केंद्राचा पसारा २०८ कणांच्या शिशाच्या केंद्राशी तुलना करावी इतका निघाला! दोन वर्षांनी हॅन्सेन आणि यॉन्सन या भौतिकशास्त्रज्ञांनी उलगडा केला. एरवी केंद्रातून एक न्यूट्रॉन सोडवायला ८ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास ऊर्जा लागते. इथे शेवटच्या दोघांना मिळून सुमारे ०.३७ पुरते. इतके सैल न्यूट्रॉन क्वांटम नियमांमुळे अणुबलाच्या पल्ल्याबाहेरही रेंगाळतात.

असं केंद्र कुठल्याही सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. लिथियम-११ तर ९ सहस्रांश सेकंदांत निम्मं संपतं. आदळवायचं, काय तुटलं आणि काय चिकटलं ते मोजायचं, आणि त्यावरून रचना ओळखायची, एवढाच मार्ग उरतो.

हा मार्ग मुंबईतल्या कुलाब्यालाही जातो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात १९८८ च्या अखेरीस पेलेट्रॉन हे कणांना वेग देणारं यंत्र सुरू झालं. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांची ही सामायिक सोय. धातूच्या गोळ्यांची, म्हणजे पेलेटची, फिरती साखळी विद्युतभार वर वाहून नेते, म्हणून हे नाव. मधल्या टर्मिनलवर १४ दशलक्ष व्होल्टपर्यंत दाब उभा राहतो. ऋणभारित लिथियम तिकडे खेचला जातो, तिथे त्याचे चारही इलेक्ट्रॉन ओरबाडले जातात, आणि आता धनभारित झालेला तोच लिथियम खाली ढकलला जातो. एकाच दाबाचा दोनदा फायदा: १४ अधिक ४२, म्हणजे ५६ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट. २००७ मध्ये अतिसंवाहक लिनॅकची, म्हणजे सरळ रेषेत वेग वाढवणाऱ्या यंत्राची, जोडही पूर्ण झाली.

कुलाब्यात खळ्याच्या भाऊबंदांवर पुष्कळ काम झालं: लिथियम-६, लिथियम-७, बेरिलियम-९. ही केंद्रं टिकाऊ, पण बांधणी सैल. बेरिलियम-९ मधला न्यूट्रॉन १.६६ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टला सुटतो. अशी केंद्रं लक्ष्याला संपूर्ण चिकटण्याआधीच अनेकदा फुटतात. हे वागणं नीट समजलं नाही, तर खऱ्या खळ्याचे आकडे वाचायचे कसे?

२००९ मध्ये दोन निबंध एकाच नियतकालिकात लागोपाठ आले. एकात भाभा केंद्राच्या आराधना श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी पेलेट्रॉनवर लिथियम-६ प्लॅटिनमवर सोडला होता. दुसऱ्यात फ्रान्समधल्या गॅनिल प्रयोगशाळेत, गाभ्याभोवती सैल न्यूट्रॉन बाळगणारा हेलियम-८ सोन्यावर. त्यातही श्रीवास्तव होत्याच. दोन्हीकडे पद्धत एकच: झोत बंद करायचा आणि लक्ष्यातून निघणारे क्ष-किरण व गॅमा किरण जोडीने आले तरच मोजायचे. गोंगाट जवळपास संपतो, अतिदुर्मीळ घटनाही हाती लागतात. फ्रान्सच्या प्रयोगाला याची फार गरज होती, कारण पेलेट्रॉनच्या झोतात सेकंदाला अब्जावधी कण असू शकतात, तर हेलियम-८ चे मिळतात जेमतेम काही लाख.

सोनं तेच, ज्यावर रदरफर्डच्या प्रयोगशाळेत अल्फा कण आदळले होते. हेलियम-६ पेक्षा दोन न्यूट्रॉन जास्त असूनही हेलियम-८ सोन्यात जवळपास तितक्याच प्रमाणात विलीन झाला. जादाचे न्यूट्रॉन सोन्याला देऊन टाकणंच त्याला अधिक सोपं गेलं.